कोर्सचं डिपार्टमेंट करायचंय? आधी कपाट उघडा

गेल्या महिन्यात कराडच्या बाजूच्या एका कॉलेजातनं एका मॅडमचा फोन आला, म्हणल्या आमचा कोर्स सहा वर्षं झाली चाललाय, ॲडमिशन दरवर्षी फुल होतात, आता त्याचं स्वतंत्र डिपार्टमेंट करायचंय, तर अर्ज कुठं करायचा आणि फॉर्म कुठला. मी म्हणलं मॅडम असा एक फॉर्म नसतो हो. असता तर मला तीन वर्षं लागली नसती. तासभर बोललो आम्ही, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हेच लिहून ठेवावं, कारण असा फोन वर्षातनं दोनतीनदा येतोच.

माझं थोडक्यात सांगते. मी मूळची केमिस्ट्रीची. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवते, नाव नको. आमच्याकडं फूड प्रोसेसिंगचा बी.व्होक., म्हणजे कौशल्यावर आधारलेला पदवी कोर्स, सुरू झाला तेव्हा प्राचार्य सर म्हणले मॅडम तुम्ही कोऑर्डिनेटर व्हा, आणि मी हो म्हणलं, कारण तेव्हा कोऑर्डिनेटर म्हणजे काय हेच कळत नव्हतं. कोर्स केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, केमिस्ट्रीच्या ओव्हनवर, केमिस्ट्रीच्या लॅब असिस्टंटच्या मूडवर चालायचा. आज ते वेगळं डिपार्टमेंट आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. कोर्स म्हणजे खंडानं केलेली शेती. पीक तुम्ही घेता, पाणी तुम्ही पाजता, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. डिपार्टमेंट करायचं म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायचं. त्यामुळं प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा, हे कुणाच्या नावावर आहे? तास कुणाच्या नावावर, माणूस कुणाच्या, पैसा कुणाच्या, यंत्र कुणाच्या, खोली कुणाच्या. ही पाच नावं बदलली की डिपार्टमेंट झालं, दारावरची पाटी नंतर दोनशे रुपयांत होते. लोक नेमकं उलटं करतात, आधी पाटी लावतात आणि फेसबुकवर फोटो टाकतात.

तुम्ही नक्की कुठल्या डब्यात बसलाय ते बघा

आपल्या भागात तीन प्रकार आहेत. एक, शिवाजी विद्यापीठाला संलग्न साधं कॉलेज. १९६२ साली विद्यापीठ झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे त्याच्याकडं, त्यामुळं बहुतेकजण याच डब्यात. दोन, ऑटोनॉमस म्हणजे स्वायत्त कॉलेज. तीन, विद्यापीठाचाच स्वतःचा विभाग, म्हणजे कोल्हापूरच्या कॅम्पसवरचा किंवा साताऱ्यात २०२१ ला रयत शिक्षण संस्थेची तीन कॉलेजं एकत्र करून जे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं तिथला.

संलग्न कॉलेजात नवीन कोर्स, विषय, विद्याशाखा, तुकडी यांची परवानगी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम १०९ खाली येते, प्रस्ताव विद्यापीठातनं शासनाकडं जातो. आणि तो विद्यापीठाच्या बृहत आराखड्याशी जुळला पाहिजे. बृहत आराखडा म्हणजे कुठल्या भागात कुठले कोर्स हवेत याची विद्यापीठाची योजना, तो पाच वर्षांचा असतो, सध्याचा २०२४ ते २०२९ चा. तुमचा विषय त्यात तुमच्या भागासाठी नसेल तर कितीही जाड फाईल करा, पुढं सरकत नाही. म्हणून नवीन पदवी किंवा पीजी जोडून डिपार्टमेंट मोठं करायचा विचार असेल तर आधी आराखडा काढून बघा. तुमच्या कोर्सला परवानगी आहेच आणि फक्त आतली रचना बदलायची आहे, तर काम बरंच हलकं असतं, पण विद्यापीठाला कळवून त्यांचं पत्र घ्यायलाच लागतं.

स्वायत्त कॉलेजात अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद स्वतःची, त्यामुळं अभ्यासक्रमापुरतं घरातच जमतं. पदं आणि अनुदान मात्र स्वायत्ततेनं येत नाहीत, तिथं सगळ्यांचं दार एकच, सहसंचालक उच्च शिक्षण, कोल्हापूर. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागाचं असेल तर अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद आणि शेवटी व्यवस्थापन परिषद अशी उतरंड, आणि तिथं खरी लढाई पदनिर्मितीची. त्यातलं मला बाहेरूनच माहिती आहे म्हणून मी पुढं कॉलेजचंच सांगते, पण कागदाची तत्त्वं तीच.

कपाट

पहिली पायरी म्हणजे जुनं पत्र शोधणं. कोर्स सुरू करताना विद्यापीठाचं आणि शासनाचं जे परवानगीचं पत्र आलं त्याची मूळ प्रत. झेरॉक्स नको, मूळ. त्यात तीन गोष्टी असतात ज्या कुणी वाचलेल्या नसतात. प्रवेशक्षमता किती, तत्त्व कुठलं म्हणजे अनुदानित की विनाअनुदानित की कायम विनाअनुदानित, आणि अटी. अटींमध्ये हमखास असतं की इतक्या मुदतीत स्वतंत्र पूर्णवेळ शिक्षक नेमावा, स्वतंत्र प्रयोगशाळा करावी. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुम्ही मॅनेजमेंटपुढं गयावया करताय ती संस्थेनं आधीच लिहून दिलेली असते! हे वाक्य सापडलं की अर्धं काम झालं, पुढच्या प्रत्येक पत्राच्या संदर्भात पहिलं हेच टाकायचं.

आमचं पत्र सापडेना. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची, आणि आमचं रेकॉर्ड तळमजल्यावर. ओएस म्हणजे कार्यालय अधीक्षक साहेबांनी नंतर सगळ्या फायली हॉलमध्ये फरशीवर पसरून पंखे लावून वाळवल्या होत्या, त्यात कुठल्या फाईलचं पान कुठल्या फाईलमध्ये गेलं काय पत्ता नाही. शेवटी विद्यापीठाच्या संलग्नता विभागात जाऊन जावक क्रमांकावरनं प्रत काढली, आणि तो जावक क्रमांक कुठं मिळाला तर आमच्याच आवक रजिस्टरात, तो एक रजिस्टर वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. सांगायचा मुद्दा, आजच्या आज स्कॅन करा आणि चार जणांच्या मेलवर टाका.

पत्रासोबत दरवर्षीची संलग्नीकरण फी भरल्याच्या पावत्या, मागच्या पाच वर्षांचे प्रवेश आणि निकाल, आणि सीडीसी म्हणजे महाविद्यालय विकास समितीच्या प्रोसिडिंगमध्ये तुमच्या कोर्सचा उल्लेख जिथं जिथं आलाय ती पानं. एवढं एका फाईलमध्ये.

वर्कलोड, म्हणजे खरा पाया

इथं थोडं जास्त लिहिते कारण नव्या लोकांना हेच जमत नाही आणि हे जमलं की बाकी सगळं ओढलं जातं.

डिपार्टमेंट उभं राहतं तासांवर. एनईपी म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणानंतर हिशोब क्रेडिटवर आलाय, थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला दोन. आता समजा तुमच्या एका वर्गाला तुमच्या विषयाची १२ क्रेडिट आहेत, ६ थिअरी ६ प्रॅक्टिकल. थिअरीचे ६ तास. प्रॅक्टिकलचे १२. पण मुलं ४० आहेत आणि बॅच २० ची धरली तर दोन बॅच, म्हणजे २४. एकूण ३० तास, एका वर्गाचे. युजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमानं असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं आणि असोसिएट किंवा प्रोफेसरला १४. म्हणजे एका वर्गालाच जवळजवळ दोन माणसं लागतात आणि तीन वर्षांचे तीन वर्ग सोबत चालू असतात. आम्ही हा तक्ता केला तेव्हा प्राचार्य सर दोन मिनिटं गप्प बसले, कारण त्यांच्या डोक्यात तो एक 'साइड कोर्स' होता.

तक्ता करताना दोन चुका सगळे करतात. एक म्हणजे फक्त स्वतःच्या मुलांचे तास मोजतात. अहो तुम्ही दुसऱ्या विषयांच्या मुलांना ओपन इलेक्टिव्ह शिकवता, कुणाला तुमचा विषय मायनर असतो, स्किल एनहान्समेंटचा पेपर असतो, ते सगळे तास तुमचे, ते लिहा. दुसरी चूक म्हणजे विषम सेमिस्टरचाच तक्ता जोडतात. सम सेमिस्टरचा वेगळा करा, दोन्हीत फरक पडतो आणि सहसंचालक कार्यालयातनं पहिला प्रश्न तोच येतो.

आणि तक्त्यात प्रत्येक तासापुढं तो सध्या कोण घेतंय ते नाव घाला. केमिस्ट्रीचे दोन सर आठवड्याला प्रत्येकी चार तास आमच्याकडं घ्यायचे, सीएचबीवाल्या म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या मुली उरलेले. हे नाव घातलं की खरं चित्र दिसतं, आणि भांडणही तिथंच सुरू होतं.

मातृविभाग

भांडण का होतं ते समजून घ्या, रागावू नका. तुम्ही तास वेगळे काढले की जुन्या विभागाचा वर्कलोड कमी होतो, आणि वर्कलोड कमी झाला की अनुदानित जागेवरचा एखादा माणूस अतिरिक्त ठरायची भीती असते. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या सरांना तुम्ही वेगळं होताय म्हणून झोप लागत नसेल तर त्यात त्यांचं काय चुकलं? मला हे उशिरा कळलं. मी पहिल्या वर्षी तक्ता थेट प्राचार्यांना दिला, आमच्या हेड सरांना न दाखवता, आणि पुढचे आठ महिने स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

दुसऱ्यांदा मी तक्ता घेऊन सरांच्या घरीच गेले, विश्रामबागला. सरांच्या मिसेसनी पोहे केले. सर म्हणले तुम्ही आमचे किती तास घेणार तेवढं सांगा. मी म्हणलं सर एकही नाही, तुमचे दोघंजण जे आठ तास घेतात ते फूड केमिस्ट्रीचे आहेत, ते तुमच्याच विभागाच्या नावावर राहू देत, आम्ही फक्त बाकीचे आमच्या नावावर लावतो. ते आम्ही एका पानावर लिहिलं, दोघांनी सही केली, तारीख टाकली. त्या एका पानानं जेवढं काम झालं तेवढं माझ्या वीस पानांच्या प्रस्तावानं झालं नाही. पुढं सीडीसीच्या मीटिंगला सूचक म्हणून सरांनीच हात वर केला.

तर ही पायरी तिसरी समजा, पण खरं तर पहिली.

माणूस

विभागप्रमुख हा पूर्णवेळ आणि विद्यापीठाची मान्यता म्हणजे अप्रूव्हल असलेला शिक्षक पाहिजे. सीएचबीवर विभाग चालत नाही, चालवतात सगळे, पण कागदावर टिकत नाही.

पात्रता सगळ्यांना पाठ असते, पीजीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, २०२३ च्या दुरुस्तीनंतर असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची नाही. पण नव्या विषयांची गोची वेगळीच आहे. फूड टेक्नॉलॉजी हा विषय युजीसी नेटच्या यादीत स्वतंत्र नाही, होम सायन्स आहे, सीएसआयआरच्या वेगळ्या नेटमध्ये लाइफ सायन्सेस आणि केमिकल सायन्सेस आहे. मग फूड टेकमध्ये एम.एस्सी. केलेली मुलगी नेट कशात देणार, आणि होम सायन्सवाली आली तर ती चालणार का? हे जाहिरात काढायच्या आधी विद्यापीठाला लेखी विचारा, संलग्न म्हणजे जवळचा विषय म्हणून कुठली पीजी आणि कुठली नेट-सेट धरायची ते. तोंडी 'चालतंय की' वर जाऊ नका. एका ओळखीच्या कॉलेजात मुलाखत झाली, निवड झाली, मुलगी जॉइन झाली, पेढे वाटले, आणि चार महिन्यांनी अप्रूव्हल नाकारलं कारण विषय जुळत नाही. त्या पोरीची दुसरीकडची नोकरी सुटलेली.

जाहिरातीआधी बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचं रोस्टर, तपासून घ्यायची, मागासवर्ग कक्षाचा शिक्का पाहिजे. याला वेळ लागतो, म्हणून वर्कलोडचा तक्ता मंजूर झाला की त्याच आठवड्यात रोस्टरची फाईल हलवा. विनाअनुदानित पद असलं तरी हे चुकत नाही, काहीजणांचा तसा गैरसमज असतो.

अभ्यास मंडळ

हे थोडक्यात. अधिनियमात विद्याशाखा चारच आहेत, विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय. बी.व्होक. सारखे कोर्स कुठं बसवायचे यावर मतं वेगळी असतात आणि जिथं बसाल त्याच अभ्यास मंडळाकडं तुमचा सिलॅबस जाणार, त्यामुळं आधी ठरवून घ्या. आम्ही विज्ञानात राहिलो कारण पुढं एम.एस्सी. करायचं होतं.

तुम्ही स्वायत्त असाल तर अभ्यास मंडळ हे डिपार्टमेंट झाल्याची सगळ्यात मोठी खूण, कारण विभागप्रमुख त्याचा अध्यक्ष, विभागातले सगळे शिक्षक सदस्य, बाहेरचे दोन तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ, उद्योगातला एक आणि एक माजी विद्यार्थी. उद्योगातला माणूस नावापुरता घेऊ नका. आमच्या शेजारच्या एका कॉलेजानं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे मालक घेतले, तासगाव भागातले. पहिल्याच मीटिंगला त्यांनी विचारलं की तुम्ही जॅम-जेली तीन प्रॅक्टिकलला शिकवता आणि बेदाण्याचं डिपिंग एकाही प्रॅक्टिकलला नाही, सांगलीत बसून? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचं द्रावण, त्यात द्राक्ष बुडवून रॅकवर वाळवणं, हे इथल्या निम्म्या पोरांच्या घरी चालतं आणि सिलॅबस दिल्लीच्या नमुन्यावरनं उतरवलेला. हळदीचंही तेच, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरला जमिनीखालच्या पेवात हळद साठवायची पद्धत आहे, आणि पोरांना स्टोरेजच्या धड्यात हे कुणी सांगत नव्हतं. असो, मी विषय सोडून चालले.

पैसा

कोर्सचा पैसा कॉलेजच्या खात्यात येतो आणि तिथं विरघळतो. फी किती आली हे अकाउंटंटला माहीत, खर्च किती झाला हे कुणालाच नाही. बी.व्होक. ला काहींना सुरुवातीला युजीसीचं अनुदान होतं, ते ठरावीक मुदतीचं, ते संपलं की कोर्स स्वतःच्या फीवर चालवायचा असतो आणि बरेच कोर्स तिथंच बंद पडले.

म्हणून कॉलेजच्या बजेटमध्ये स्वतंत्र लेखाशीर्ष मागा. वेगळं बँक खातं नको, ते कुणी देणार नाही आणि ऑडिटला डोकेदुखी, फक्त लेखाशीर्ष. जमा बाजूला तुमच्या मुलांची फी, खर्च बाजूला पगार, केमिकल्स, दुरुस्ती, संलग्नीकरण फी. बजेट सीडीसीपुढं येतं, ही समिती त्याच अधिनियमाच्या कलम ९७ ची, वर्षातनं तिच्या किमान चार बैठका व्हायला पाहिजेत. बजेटच्या बैठकीआधी महिनाभर तुमचा आकडा अकाउंटंटकडं द्या. आणि अकाउंटंटशी गोड राहा, एवढं ऐका माझं.

एक मध्येच सांगते, तुमचा कोर्स बीसीए किंवा बीबीए असेल तर २०२४-२५ पासून ते एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेलेत. तिथं खोल्या, कॉम्प्युटर, शिक्षक यांचे निकष त्यांचे, ते आधी बघा, नाहीतर इकडं सगळं जमवून तिकडं अडकाल. आणि कुठलाही कोर्स असो, महाडीबीटी या शासनाच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर तुमच्या कोर्सचं नाव बरोबर आहे का ते तपासा, नाव थोडं जरी वेगळं पडलं तर पोरांची स्कॉलरशिप अडकते आणि ती सगळी पोरं तुमच्या टेबलापाशी येतात.

ठराव असा लिहा

सीडीसीचा ठराव गोलमाल असला तर पुढं उपयोग नाही. 'विभाग स्वतंत्र करण्याबाबत सकारात्मक चर्चा झाली' हा ठराव नव्हे. आमच्या प्रोसिडिंगमधला साधारण असा होता, नावं वगळून देते:

'महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागांतर्गत सुरू असलेला अन्न प्रक्रिया विषयाचा बी.व्होक. अभ्यासक्रम येत्या शैक्षणिक वर्षापासून अन्नतंत्रज्ञान विभाग म्हणून स्वतंत्र करण्यात यावा. त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, स्वतंत्र जडवस्तू नोंदवही, सोबत जोडलेल्या तक्त्याप्रमाणे कार्यभार व पूर्णवेळ विभागप्रमुख यांस मान्यता देण्यात येते. तसेच प्रस्ताव संस्थेमार्फत विद्यापीठाकडे सादर करण्याचे अधिकार प्राचार्यांना देण्यात येतात. ठराव सर्वानुमते मंजूर.'

बघा, पाचातली चार नावं त्यात आली. खोली राहिली होती, ती आम्ही विसरलो, त्याचं पुढं सांगतेच. सूचक आणि अनुमोदक लिहायला विसरू नका आणि बैठकीचं इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम झालं की त्याची प्रमाणित प्रत लगेच घ्या. मग संस्थेच्या मॅनेजमेंटचा ठराव, मग विद्यापीठाला प्रस्ताव. पोच घेतल्याशिवाय विद्यापीठातनं बाहेर पडू नका, शिक्का आणि आवक क्रमांक. कोल्हापूरला जाऊन हेलपाटा होतो म्हणून पोस्टानं पाठवणारे असतात, मी तरी हातानंच दिला.

समिती आली तो दिवस

प्रस्तावाची पाहणी करणारी विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती आमच्याकडं जानेवारीत आली. तिघं होते. सकाळपासनं लॅब धुऊन पुसून, मुलांना पांढरे ॲप्रन, शिपाई मामांनी दारात रांगोळीसुद्धा काढून घेतली होती. समितीतले एक वयस्कर सर थेट टेबलापाशी गेले, रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजायचं यंत्र, उचलला आणि म्हणले, ह्याच्यावर ब्रिक्स दाखवेल कोण? मुलं गप्प. मग मागं उभी असलेली एक मुलगी पुढं आली, कवठेमहांकाळकडची, घरची द्राक्षबाग, तिनं डब्यात आणलेली द्राक्षं होती. एक मणी काढला, काचेवर पिळला, झाकण दाबलं, उजेडाकडं धरला आणि म्हणली सर अठरा, अजून आठ दिवस थांबायला पाहिजे. सर खूश. मला वाटलं झालं आपलं काम.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, ह्याचं बिल दाखवा.

बिल काढलं तर त्यावर 'रसायनशास्त्र विभागासाठी'. ओव्हनचं तसंच, मफल फर्नेसचं तसंच, वजनकाट्याचं तसंच. कारण खरेदी झाली तेव्हा आम्ही होतोच कुठं. आम्ही यादीत ती सगळी यंत्रं आमची म्हणून लिहिलेली आणि डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे जडवस्तू नोंदवहीत, ती केमिस्ट्रीच्या पानावर. अहवालात एक ओळ आली, 'उपकरणे मातृविभागाच्या नावे आहेत, पूर्तता करावी.' आणि खोलीवरही बोट ठेवलं, कारण टाइमटेबलप्रमाणे त्याच लॅबमध्ये सोमवार-बुधवार बी.एस्सी. चं प्रॅक्टिकल. एक वर्ष गेलं त्यात.

तर तुम्ही हे आधीच करा. यादी काढा, प्रत्येक वस्तूपुढं बिल नंबर, तारीख, रजिस्टरचं पान. जी तुमच्याकडं यायची आहे तिचं हस्तांतरण पत्रक करा, देणाऱ्या विभागप्रमुखाची सही, घेणाऱ्याची सही, प्राचार्यांची सही, आणि जुन्या रजिस्टरात 'अमुक पानावर वर्ग' असा शेरा मारून घ्या. नुसतं नवीन रजिस्टरात लिहून चालत नाही, मग एकच ओव्हन दोन ठिकाणी दिसतो आणि ऑडिटवाले विचारतात दुसरा कुठाय. जे मिळणार नाही त्याच्यासाठी भांडू नका, नवीन घ्या, नवीन कोटेशनवर पहिल्या दिवसापासून तुमच्या विभागाचं नाव टाका.

आणि खोली. सांगली, मिरज, वाळवा, पलूस, नदीकाठची जी कॉलेजं आहेत त्यांनी तळमजल्याची खोली घेऊच नका, कितीही मोठी आणि हवेशीर असली तरी. आम्हाला मागची एक मोठी खोली देत होते. मी म्हणलं जिन्यावरची लहान चालेल. पाण्याची लाईन वर चढवायला खर्च जास्त आला, पण २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मला कुणी काही बोललं नाही.

मंजुरी आल्यावर

पत्र आलं की पेढे खाऊन बसू नका, त्याच आठवड्यात पाचसहा पत्रं लिहायची असतात. परीक्षा विभागाला, की अंतर्गत गुण आता कुणाच्या सहीनं येणार. ग्रंथालयाला, की पुस्तकांची मागणी वेगळी येईल. आयक्यूएसी म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, कारण कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या एक्यूएआरमध्ये, म्हणजे वार्षिक अहवालात, विभागांची संख्या आणि माहिती बदलते. आयशे म्हणजे केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा फॉर्म भरणाऱ्या सरांना, कारण तिथं विभाग आणि कोर्स दोन्ही भरायचे असतात. प्रॉस्पेक्टस आणि वेबसाइट बघणाऱ्याला. टाइमटेबल कमिटीला, त्यांना दोनदा सांगा.

पुढं रिसर्च सेंटरचा विचार असेल तर २०२२ च्या पीएचडी नियमानं कॉलेजात किमान दोन पीएचडीधारक शिक्षक पाहिजेत, आणि गाइड असिस्टंट प्रोफेसर असेल तर एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, असोसिएटला सहा, प्रोफेसरला आठ. म्हणून दुसरं पद भरताना हे डोक्यात ठेवा. आम्ही ठेवलं नाही, आता एकीच्या पीएचडीची वाट बघत बसलोय.

शिक्का गणपती पेठेत करून घेतला, 'विभागप्रमुख, अन्नतंत्रज्ञान विभाग', पहिल्या शिक्क्यात 'अन्यतंत्रज्ञान' झालं होतं, तो परत केला. रजिस्टरं नवीन, कपाट नवीन, रिफ्रॅक्टोमीटर आमच्या पानावर वर्ग झाला. ओव्हन मात्र केमिस्ट्रीनं दिला नाही, हेड सर म्हणले बाकी काहीही न्या, तो आमच्या पोरांना लागतो. नवीन ओव्हन बजेटला टाकलाय. तोपर्यंत दर मंगळवारी दुपारी आमची पोरं हळदीचे ट्रे घेऊन जिना उतरून केमिस्ट्रीत जातात आणि तिथल्या वहीत सही करून वापरतात.